मिठाची लॉरी गंगेअलीकडे थांबली

आमच्या पेडगावातून माणसं लग्नाला जातात, बाजाराला जातात, कोर्टाच्या तारखेला तर हौसेने जातात. पण आपण कोणाच्या लॉरीवर बसायचं हे ठरवायला पाच दिवस गाव सोडून गेलेला मी पहिलाच. परत आल्यापासून पारावर जो भेटतो तो म्हणतो, "काय झालं ते सांग," आणि मी सांगायला लागलो की अर्ध्यातून उठून जातो. शिवाय प्रत्येक वेळी सांगताना मी स्वतःला थोडा शूर करत चाललो आहे, हे माझ्याच लक्षात आलं. म्हणून लिहून काढतो आहे. लिहिताना थापा मारायला जरा जड जातं.

मुळात मी घाबरट माणूस. मोटार चालवताना घाबरत नाही, कारण तिथे हातापायांना काम असतं. भीती वाटते ती मोटार मिळण्याआधी. दीड वर्ष औरंगाबादेला मामेभावाच्या लॉरीवर क्लीनर म्हणून राबलो, शिकलो, आणि लायसन घेऊन घरी आलो. लायसन सरकारी, म्हणून उर्दूत. त्यावर माझंच नाव आहे हे लोक सांगतात म्हणून मी मानतो. मला मठातल्या स्वामींनी शिकवलेली मराठी तेवढी वाचता येते.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे मोटारीचं खूळ पसंत नव्हतं. आमची वीस एकर काळी, दोन औतं, आणि मी एकटाच मुलगा. तरी त्यांनी शिमगा झाल्यावर मला समोर बसवून सांगितलं, "सोमवारी जा, जुम्म्याला घरी ये. तवर कुणी इज्जतीनं ठिवून घेतलं तर बस मोटारीवर. न्हाईतर पुन्यांदा मोटारीचं नाव काढायचं न्हाई, औत धरायचं." माझं पुढचं सगळं आयुष्य त्या पाच दिवसांवर आलं.

सोमवार, परभणी

सकाळच्या गाडीने परभणीला उतरलो. मायने फडक्यात भाकरी, जवसाची चटणी आणि भस्माची पुडी बांधून दिली होती. आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. सकाळी अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मग तोंडात अन्न. आणि ते लिंग अंगावरून गेलं, हरवलं, तर परत मिळेपर्यंत किंवा गुरूंनी नवं बांधेपर्यंत अन्नपाणी बंद. हे घरात कोणी शिकवत नाही, चालायला शिकावं तसं ते येतं. निघताना माय म्हणाली, "पूजेला येळ देत्यात का, ते आधी इचार. पगाराचं मागून." मी मान हलवली.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर मिळत होतं, आणि ज्याच्याकडे पेट्रोलची लॉरी तो राजा. परभणीत कापसाच्या जिनापाशी एका बड्या शेठची कंपनी होती. पाच लॉऱ्या, पाचही रंगवलेल्या, पाचही बटण दाबलं की सुरू होणाऱ्या. कचेरीत तक्क्याला टेकून मुन्शीजी बसले होते. त्यांनी माझं लायसन वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि जिनाच्या अंगणात एक लॉरी फिरवून दाखवायला सांगितली. कापसाच्या गंज्यांमधून मी ती पुढे नेली, मागे आणली, कुठे घासू दिली नाही. 

मुन्शीजी म्हणाले, "हात बरा हाय तुजा. जुम्म्याच्या आत येऊन सांग, तवर जागा ठिवतो. सकाळी पाचला गाडी निघती, आन् माल उतरेपर्यंत कुटंच थांबत न्हाई. समजलं?"

"समजलं जी," मी म्हणालो.

पूजेचं विचारायचं होतं. जीभ उचलली, पण तिथे बसलेल्या दोन ड्रायव्हरांच्या इस्त्रीच्या खाकी सदऱ्यांकडे बघितलं आणि विचारलं नाही. बाहेर येऊन झाडाखाली भाकरी सोडली. पहिल्याच दिवशी परभणीची सगळ्यात मोठी कंपनी मला घ्यायला तयार होती, आणि मला भाकरी गिळवत नव्हती. पाचला निघायचं तर साडेतीनला उठून पूजा करता येईल, असं मी मनाला समजावत होतो. लॉरीतच मुक्काम असेल तर अंघोळीचं पाणी कुठलं, हे मन मला विचारत होतं.

मंगळवार, पाथरी

पाथरीला आमच्यातलेच एक बसप्पाकाका, मायच्या मावशीच्या नात्यातले. किराणा दुकान आणि एक लॉरी. मायचा सगळा जीव या जागेवर होता. पाथरीसाठी मानवत रोडला उतरायचं, आणि परभणीहून तिकडे जाणारी रेल्वे आमच्याच गावावरून जाते. पेडगावच्या ठेसनावर दादा असले आणि त्यांनी मला उलट्या दिशेने जाताना पाहिलं तर काय म्हणतील, या धास्तीने मी गाडी सुटेपर्यंत फळीखाली बूट शोधत बसलो. पायात चपला होत्या.

काकांच्या घरी उतरलो तो स्वर्गच. अंघोळीला ऊन पाणी, पूजेला पाट, ताजा बेल, आणि मग ताटात ज्वारीची भाकरी, वरण, वर तुपाची धार. आमच्या गावाकडे पाहुण्याला आग्रह करतात तो पोट भरेपर्यंत. पाथरीत पोट भरल्यावर सुरू करतात. काका म्हणाले, "तू घरचा मानूस. तुला काय सांगायचं? पूजा कर, जेव, मंग गाडी काढ. आपल्याला घाई न्हाई." मला वाटलं, मिळाली जागा. मायला किती आनंद होईल याचं चित्रही बघून झालं.

मग लॉरी बघितली. ती सुरू होत नसे, तिला सुरू करावं लागे. गल्लीतले आठ जण ढकलत, तेव्हा ती उताराला लागून खोकत जागी होई. मी बसलो, काका शेजारी बसले, आणि गावाबाहेर ओढ्याच्या उताराला लागल्यावर काका सहज म्हणाले, "बिरेक जरा सुस्त हाय बरं का."

मी पाय दाबला. सुस्त म्हणजे काय, तिथे काहीच नव्हतं. खाली ओढ्यात एक गुराखी म्हशी धूत होता. मी भोंगा वाजवला, तोही सुस्त. गिअर ओढून, कड्याच्या बाजूला चाक घालून, बाभळीच्या काट्यात गाडी खुपसली तेव्हा ती थांबली. म्हैस एक हात अंतरावर होती आणि तिने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. गुराख्याने मात्र माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली.

काका खाली उतरून काटे काढत म्हणाले, "हाय का न्हाई हात! आधीचा डायवर तर सरळ पान्यात घालायचा. आता कसं हाय वैजनाथ, समोरून कुणी आलं तर क्लीनर उडी मारतो आन् चाकाखाली लाकूड घालतो. सवय व्हती."

मी विचारलं, "काका, बिरेक नीट करून घेतलं तर?"

"करू की. दिवाळीला."

घरच्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड असतं. मी म्हणालो, विचारून सांगतो. काकूंनी वाटेसाठी धपाटे बांधून दिले, आणि ते घेताना मला चोरासारखं वाटलं.

बुधवार, पुन्हा परभणी

दोन जागा हातात होत्या. एकीत गाडी चांगली पण पूजेची पंचाईत, दुसरीत पूजा चांगली पण म्हशींची पंचाईत. परभणीच्या मोटार अड्ड्यावर सकाळी असा विचार करत उभा होतो, तर समोर धूर दिसला.

ती गंगाखेडच्या रंगनाथराव नावाच्या मालकाची कोळशाची गाडी होती. पेट्रोल मिळत नाही म्हणून पाठीमागे लोखंडी भट्टी बसवलेली. भट्टीत कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवायचा, त्याचा वायू इंजिनात गेला की मग पुढून हँडल मारायचं. बाकीचे ड्रायव्हर त्या गाडीला चूल म्हणायचे. तिचा ड्रायव्हर वजीरमियाँ, दाढी पांढरी, कपडे काळे, आणि तोंडात शिवी किंवा विडी यापैकी एक. लॉरीत मिठाची पोती भरलेली होती, गंगाखेडच्या गुरुवारच्या बाजारासाठी.

माझ्या हातातलं लायसन बघून तो म्हणाला, "नवा हाय? ये इकडं. चालवायला कुनालाबी येतं. पेटवून दाव."

"तुमच्या मालकाला माणूस पायजे का?"

"माझं कंबरडं गेलंय. मालकाला कळायचं हाय अजून. पंखा मार."

मी पंखा मारला. पाव तास झाला, अर्धा तास झाला. वजीरमियाँ भट्टीच्या तोंडाशी काडी धरून बघायचा आणि म्हणायचा, "नक्को. आनी मार." शेवटी निळी ज्योत धरली, तेव्हा त्याने हँडल माझ्या हातात दिलं.

आता चूक सांगतो. पेट्रोलच्या गाडीला हँडलचे दोन झटके पुरतात. कोळशाच्या गाडीला वीस वीस फेरे मारावे लागतात, तेही कमरेत वाकून. मी वाकलो तशी सदऱ्यातून डबी बाहेर आली आणि झुलून हँडलच्या लोखंडावर टण्णकन आपटली. मी आत टाकली. परत बाहेर आली, परत आपटली. भोवती चार ड्रायव्हर जमले होते, हसत होते. मला वाटलं, आता डबीला पोचे पडतील. मला वाटलं, आता हँडल उलटं फिरून दोऱ्यात अडकेल. आणि खरं तर मला वाटलं की हे लोक बघताहेत. मी दोरा डोक्यावरून काढला आणि डबी दाराच्या आतल्या खुंटीला अडकवली. वजीरमियाँ मागे भट्टीपाशी होता. त्याने काढ म्हटलं नव्हतं. कोणीच म्हटलं नव्हतं.

सात-आठ फेऱ्यांनी गाडी धडधडली. हसणारे हसायचे थांबले. वजीरमियाँ पुढे येऊन बसला आणि ओरडला, "हात हाय तुज्यात! मालकाला भेटायचं तर उद्या गंगाखेडला ये." माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मी जिनाच्या हौदावर धुवायला गेलो. राखेने घासले तरी निघेना. परत आलो तर तिथे जमिनीवर तेलाचा डाग आणि विझलेली राख. कोळशाची गाडी एकदा पेटली की तिला उभी करत नाहीत, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

तरी मला कळलं नाही. झाडाखाली बसलो, काकूंचे धपाटे सोडले, आणि खाण्याआधी सवयीने हात छातीवर गेला. तिथे काही नव्हतं.

ते धपाटे मी तसेच बांधले.  तिसऱ्या वर्षी गुरूंनी बांधलेलं लिंग, तापातही उतरवलं नाही, विहिरीत पोहतानाही नाही, आणि चार हसणाऱ्या माणसांसाठी मी ते खुंटीला टांगलं. त्या खुंटीवर वजीरमियाँची चामड्याची पाण्याची पिशवीही होती, हेही तेव्हाच आठवलं. मला रडू आलं. लपवत नाही.

गंगाखेडची रेल्वे निघून गेली होती, दुसरी एकदम उद्या सकाळी. मी धावत मोठ्या कंपनीत गेलो, की त्यांची एखादी लॉरी तिकडे जात असेल. मुन्शीजी मला बघून उभेच राहिले.

"बरं झालं आलास. सेलूचा डायवर तापानं पडलाय. ती बघ गाडी भरून उभी हाय. आत्ता बस. जागा तुजी."

सेलू म्हणजे गंगाखेडच्या अगदी उलट दिशेला. मी म्हणालो, "मला गंगाखेडला जावं लागतंय जी. माझी एक चीज राहिली."

"कसली चीज?"

माझ्याच्याने लिंग म्हणवेना. लिंगायताचं लिंग राहिलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? मी म्हणालो, "डबी."

"तपकिरीची डबी?" मुन्शीजी हसले. "सेलूत लय मिळत्यात. चल, बस."

खोटं कशाला लिहू, मी त्या लॉरीकडे पाहिलं. रंग चकचकीत होता, दार उघडं होतं, आणि बटण दाबलं की सुरू होणार होती. संध्याकाळी सेलू, उद्या परत, परवा दादांसमोर खाकी सदऱ्यात उभा. दोन दिवस नाही खाल्लं तर कोणाला कळणार? इतका विचार मी केला. मग घशाला कोरड पडलेली जाणवली आणि शेजारी माठ दिसला, आणि आपल्याला आता पाणीही पिता येणार नाही हे आठवलं. मी म्हणालो, "न्हाई जी. जावं लागतंय."

मुन्शीजी वाईट नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "मंग जुम्म्याची वाट बघू नकोस बाबा. मला आज मानूस पायजे." दुसऱ्याला हाक मारायला ते आत गेले.

मी गंगाखेडच्या रस्त्याने चालायला लागलो. ऊन मी म्हणत होतं. वाटेत एका मळ्यात मोट चालू होती. मालकीणबाईने मला हाक मारून ताकाचा तांब्या पुढे केला. मी म्हणालो, उपवास आहे. ती म्हणाली, "बुधवारी? कोन्या देवाचा?"  ती माझ्या काळ्या हातांकडे आणि कोरड्या ओठांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "देव असा न्हाई करायला लावत, लेकरा." मी पुढे निघालो. त्या तांब्याच्या काठावर लोण्याचा कण होता, तो मला आजही दिसतो. पोखर्णीला दिवस मावळला, नृसिंहाच्या देवळाच्या ओवरीत पडून राहिलो. तिथे विचारलं तेव्हा कळलं, की चूल दुपारीच धूर काढत गेली.

गुरुवार, गंगाखेड

पोखर्णीहून सकाळची रेल्वे पकडली. ज्यांनी गंगाखेड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाव गोदावरीच्या पलीकडच्या काठावर आहे. तिकडची माणसं तिला गंगाच म्हणतात. रेल्वेला पूल आहे, मोटारींना नाही. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा वाळूत तुरीच्या तुराट्या आणि कापसाच्या पळाट्या अंथरून वाट करतात, मधल्या धारेत पाणी गुडघ्याएवढं, त्यातून लॉऱ्या जातात. वाळवंटात कोळ्यांच्या टरबुजाच्या आणि काकडीच्या वाड्या. गाडी पुलावर आली की डब्यातली सगळी माणसं हात जोडतात. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, कारण खाली अलीकडच्या काठावर धूर नसलेली, काळी, पाठीवर भट्टी असलेली लॉरी उभी होती.

ती अलीकडे का? काल दुपारची ती आतापर्यंत पलीकडे असायला हवी होती. मोडली की काय? वजीरमियाँला काही झालं? कोणी खुंटीवरची डबी नेली, म्हणून भांडण झालं? रेल्वे मला तिच्या डोक्यावरून पलीकडे घेऊन गेली. शेजारची म्हातारी म्हणाली, "गंगेला हात तरी जोड रे." मी जोडले, पण माझं लक्ष नव्हतं.

गंगाखेडला उतरून मी उलटा नदीकडे धावलो. वाळू तापायला लागली होती. मधल्या धारेत उतरलो. चोवीस तास पाण्याचा थेंब नाही, जीभ टाळूला चिकटलेली, आणि गुडघ्याएवढं थंड पाणी पायाला लागून वाहत होतं. अर्ध्यात पाय घसरला, मी हातावर पडलो, पाणी हनुवटीपर्यंत उडालं. ओठ घट्ट मिटून घेतले. उठलो, बाहीने तोंड पुसलं आणि चालत राहिलो. पाण्याची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

लॉरीपाशी एक उपरण्यातले गृहस्थ छत्री घेऊन ओरडत होते. तेच मालक रंगनाथराव.

"बाजार बसला तिकडं! गावाला मीठ न्हाई! आन् तू हितं बसून इड्या ओढायलास!"

वजीरमियाँ वाळूत बसला होता, लॉरीपासून चांगला वीस पावलं लांब. तो म्हणाला, "मालिक, हुकूम तुमचाच हाय. मागच्या साली कुनाची तरी पेटी निघाली आन् करोडगिरीच्या जकातवाल्यांनी दोन दिवस गाडी धरली. तवा तुमीच बोल्ले, मालाच्या चिठ्ठीत न्हाई ती चीज गंगेपार न्यायची न्हाई. ही डबी चिठ्ठीत न्हाई."

"अरे, मंग काढून ठिव बाजूला!"

"कुठं? वाळूत?" वजीरमियाँ उठला. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही आला नाही. त्याने आधी एक शिवी दिली. मग म्हणाला, "आला का आप्पा? काठावर पानी प्यायला हात घातला तवा दिसली. जा, घे तुजी चीज. आमी हात लावला न्हाई."

मी दार उघडलं. डबी खुंटीवर होती तशीच होती. चामड्याची पिशवी तिथे नव्हती, ती बाहेर चाकाच्या दांड्याला बांधलेली होती. आतली बैठक झाडलेली होती. विडीचं एक थोटुक आत नव्हतं. सगळी वीस पावलांवर वाळूत पडलेली होती.

मी डबी दोन्ही हातांनी उतरवली. मला वजीरमियाँचे पाय धरावेसे वाटले, पण तो म्हणाला, "नाटक नक्को. जे करायचं ते कर लवकर. गाव मिठाबिगर बसलंय."

मी नदीत बुडी मारली. ओल्या अंगाने वाळूत बसलो, मायची भस्माची पुडी सोडली, लिंग तळहातावर घेतलं. बेल नव्हता. माझ्या मागे मालक, मिठाची लॉरी, तिकडे अख्खा बाजार, आणि सगळे माझ्यासाठी खोळंबलेले.  घाई करू नये असंही वाटत होतं आणि घाई करावी असंही. पूजा झाली. मग नदीचं पाणी ओंजळीने प्यालो, किती प्यालो ते मोजलं नाही. काकूंचे धपाटे कडक झाले होते. एक मी खाल्ला, एक वजीरमियाँला दिला. त्याने तो खाल्ला.

रंगनाथराव माझ्याकडे बघत होते. "हाच का तो, काल हँडल मारलेला? हं. गाडी पेटव, आन् तूच ने पलीकडं. बघू."

पंखा मारून अर्धा तास गेला. निळी ज्योत धरली. मी हँडल लावलं, वाकलो, आणि डबी सदऱ्यातून बाहेर आली. माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. दोरा काढायला.

वजीरमियाँ माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझं मनगट धरलं. "असू दे गळ्यात. वाकायचं शिक." मग त्याने स्वतःच्या सदऱ्याची बाही वर सारली. दंडाला काळ्या कापडात तावीज घट्ट बांधलेला होता. "इंजिनाकडं तोंड करून न्हाई वाकायचं. बाजूनं उभा रहा. गुडघे वाकव, मान नक्को. अंगठा हँडलवर गुंडाळू नको, उलटं फिरलं तर तुटंल." मी तसा उभा राहिलो, खांद्यावरचं ओलं उपरणं डबीवरून छातीला आवळलं. डबी जागची हलली नाही. अकराव्या फेऱ्याला गाडी धडधडली.

वाळूतली वाट मी चालवली. मागचं चाक एकदा पळाट्यांवरून घसरलं आणि काकडीच्या वाडीचा कोपरा गेला. वाडीवरची बाई विळा घेऊन धावत आली. मालकांनी तिला मीठ देऊन शांत केलं. धारेत इंजिन गुदमरलं, पण बंद पडलं नाही. पलीकडचा चढ चढून बाजाराच्या तोंडाशी लॉरी उभी केली, ब्रेक दाबला, आणि तो लागला. ब्रेक लागल्याचा आनंद पाथरीला जाऊन आलेल्यालाच कळेल.

रंगनाथराव म्हणाले, "सोमवारपासून ये. वजीर तुला महिनाभर शिकवील, मंग त्याच्या कंबरेला आराम. काय इचारायचं हाय?"

या वेळी मी विचारलं. "सकाळी पूजेला येळ मिळंल का?"

मी वेडाच आहे असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोळसा पेटायला अर्धा घंटा लागतो. तेवढ्यात तुजी पूजा व्हत न्हाई?"

पंखा कोण मारील, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. वजीरमियाँ दुसरीकडे बघत विडी शिलगावत होता. "महिनाभर मी हाय," तो धुराला म्हणाला. "पुढचं पुढं."

शुक्रवार, घर

दादा अंगणात चऱ्हाट वळत बसले होते. माय दारात होती. मी सगळं सांगितलं: परभणीची जागा गेली ती, काकांचा ब्रेक, कोळशाची गाडी, गंगेतलं पाणी. डबीचं सांगायचं नाही असं रेल्वेत ठरवलं होतं. ते सोडून सांगत गेलो तर गोष्टीत काहीच राहिना, म्हणून तेही सांगितलं. मायने तोंडाला पदर लावला.

दादांचे हात थांबले. "काढ म्हनलं कुनी?"

कोणाचं तरी नाव घेता आलं असतं. मुसलमानाच्या गाडीवर होतो, एवढं म्हटलं असतं तरी गावाने पुढचं स्वतःच भरून घेतलं असतं.

"कुनीच न्हाई, दादा. मीच काढली."

 शेवग्याच्या झाडावर कावळा ओरडत होता, मला तो हाकलावासा वाटला. मग दादा उठून घरात गेले. मला वाटलं, संपलं, उद्यापासून औत. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नवा, पांढरा, पिळाचा दोरा होता.

"त्यो कोळशावाला कसं वाक म्हनला ते दाव," ते म्हणाले.

मला कळलं नाही. "आता? हितं?"

"हितंच. हँडल मारतोस तसं उभा रहा."

मी अंगणाच्या मध्यभागी बाजूने उभा राहिलो, गुडघे वाकवले, हातात नसलेलं हँडल धरलं. दादा माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी उभ्या जन्मात लॉरीचं हँडल पाहिलेलं नाही. डबीला नवा दोरा ओवून त्यांनी माझ्या गळ्याशी धरला, थोडा आखूड केला, मला परत वाकायला लावलं, अजून एक बोट आखूड केला. डबी छातीला टेकून राहिली, झुलली नाही. मग त्यांनी मानेमागे गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली, आणि ओढून बघितली.

"आता डोक्यातून निघायचा न्हाई," ते म्हणाले. "फिरव हँडल."